दहावी खुंटी

१

बातमी आली त्या शनिवारी सकाळी बोगदान शेलाग बटाटे किसत होता. लोद्झ शहरातल्या रेत्किन्या वसाहतीतलं चौथ्या मजल्यावरचं ते घर त्याच्या आईचं. आई गेल्यापासून तो तिथे एकटाच राहत होता, आणि शनिवारी बटाट्याची धिरडी करायची तिची रीत त्याने सोडली नव्हती. नोव्हेंबर लागला होता. खिडकीच्या काचा आतून घामेजल्या होत्या. बाहेरच्या खोलीत टेबलावरचा संगणक त्याच्या कंपायलरची हिवाळी आवृत्ती तयार करत होता.

हा कंपायलर म्हणजे बोगदानची वीस वर्षांची कमाई. माणसाने सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम पस्तीस वर्षांपूर्वीच्या आठ-बिटी अटारी यंत्राला कळेल अशा आकड्यांत उतरवून देणं, हे त्याचं काम. जगभरातले तीन-चारशे हौशी लोक तो वापरत. त्यात पैसा नव्हता. नाव मात्र होतं, आणि ते बोगदानचं होतं.

या हौशी लोकांच्या ऑनलाइन फोरमवर संदेश आल्याची घंटी वाजली. हात पुसत तो बाहेर आला. पाठवणाऱ्याचं नाव होतं झेनोन पाखोल्चिक.

"आलं परत," तो स्वतःशीच म्हणाला आणि संदेश न उघडताच स्वयंपाकघरात गेला.

धिरडी झाली. साय लावून त्याने ती सावकाश खाल्ली. तवा घासला, किसणीत अडकलेले तुकडे ब्रशने काढले, ओटा पुसला. दोन वाजता दुसरं काही उरलं नाही तेव्हा त्याने संदेश उघडला.

'बोगदान, बाबांच्या खात्यावरून मी लिहितेय, युस्तिना. तुझा नंबर माझ्याकडे नाही. बाबा गुरुवारी गेले. बुधवारी बारा वाजता मानिया दफनभूमीत सगळं आहे. कंपायलरबद्दल काही नाहीये, घाबरू नकोस.'

शेवटचं वाक्य त्याने तीनदा वाचलं.

२

शहाऐंशी साली झेनोन सर कामगार वसाहतीच्या सांस्कृतिक केंद्रात संगणक क्लब चालवायचे. कुणाच्या तरी मामाने फक्त डॉलर घेणाऱ्या सरकारी दुकानातून आणलेली एकच अटारी, तिच्याभोवती तेरा पोरं. आत जायचं तर आधी कोट जमा करायचा, हा तिथला नियम. कोट सांभाळणाऱ्या बाई कोट खुंटीला लावून पत्र्याचा नंबर हातात द्यायच्या आणि नंबर हरवला तर पोराला रडवायच्या. झेनोन सरांची खुंटी ठरलेली होती, दहावी.

एक प्रोग्राम दुसऱ्याला हाक मारतो तेव्हा नेमकं काय होतं, हे सरांनी त्या खुंट्यांवरच शिकवलं. "आत जाताना कोट काढून ठेवायचा, म्हणजे हातातली सगळी माहिती ठेवून द्यायची. काम झालं की बाहेर यायचं, आपल्याच खुंटीवरचा आपलाच कोट घालायचा आणि घरी जायचं. कळलं का रे, शेलाग? एका खुंटीवर दोन कोट लावलेस तर एक जण थंडीत मरेल."

कंपायलरचा गाभा सरांनीच लिहिला होता, वह्यांमध्ये, पेन्सिलीने. बोगदानने पुढे त्यावर इमारत चढवली आणि ती जगापुढे मांडली. पहिल्या पानावर वीस वर्षं सरांचं नाव होतं, आभारांच्या यादीत, तिसऱ्या क्रमांकावर. सरांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये सरांनी फोरमवर तक्रार लिहिली. एकात एक अशा बारा खोल्यांमध्ये, म्हणजे एकमेकांना हाक मारणाऱ्या बारा भागांमध्ये, जाऊन परत येणारा छोटासा प्रोग्राम त्यांनी केला होता. जाताना प्रत्येक खोली आपला आकडा दाखवते, येतानाही दाखवते. नजर अधू झाल्यामुळे त्यांनी त्यात आवाजही घातला होता: आत जाताना चढत जाणारे बारा सूर, येताना उतरत येणारे बारा. 'परत येताना अकरा दोनदा येतात,' त्यांनी लिहिलं होतं. 'दहावा येतच नाही. एका खुंटीवर दोन कोट लागताहेत. बघ रे जरा.'

बोगदानने बघितलं नाही. त्या आठवड्यात त्याला तिघांनी तीन चुका दाखवल्या होत्या आणि तो वैतागला होता. त्याने सगळ्यांसमोर लिहिलं, 'यंत्र दहापर्यंत नीट मोजतं, आजोबा. कोण मोजत नाही ते एकदा तपासून घ्या.'

एक्केचाळीस जणांनी त्यावर हसरे चेहरे टाकले. सरांनी एकच ओळ लिहिली, 'असेल. वयही झालं.' त्यानंतर ते फोरमवर काही बोलले नाहीत.

मे महिन्यात दुसरंच काही शोधताना बोगदानला ती चूक सापडली. अकराव्या खोलीची माहिती दहाव्या खोलीच्या जागेवरच लिहिली जात होती. सर म्हणाले होते अगदी तसंच. दुरुस्तीला एक आकडा बदलावा लागला. प्रत्येक आवृत्तीसोबत द्यायच्या बदलांच्या यादीत त्या दिवशी काय लिहावं याचा त्याने बराच वेळ विचार केला, आणि मग लिहिलं: 'किरकोळ साफसफाई.'

३

अंत्यविधीनंतर जेवण होतं. शेवया घातलेलं कोंबडीचं सार, बटाटे, हेरिंग मासा, प्रत्येकी एक छोटा पेला वोदका. फोरमवरचा लेशेक बोगदानशेजारी येऊन बसला. भला माणूस, पण जिभेला हाड नाही.

"काय रे, म्हाताऱ्याला दहावा शेवटी सापडला का?" तो कानाशी कुजबुजला. "काय हाणला होतास तेव्हा! अजून आठवलं की हसू येतं."

"सार गार होतंय तुझं," बोगदान म्हणाला.

युस्तिना सगळ्यांना वाढून झाल्यावर त्याच्यासमोर बसली. क्लबात ती यायची तेव्हा पहिलीत होती आणि बापाच्या मांडीवर झोपायची. आता तिच्याही केसांत पांढरं दिसत होतं.

"खाल्लंस का नीट? अजून घे. बाबा म्हणायचे, शेलाग लाजतो, त्याच्या ताटात न विचारता वाढायचं."

"पुरे गं. झालं माझं."

"तुला एक विचारायचं होतं." तिने हातरुमालाची घडी केली, मोडली. "बाबांचं डोकं शेवटी ठीक नव्हतं. म्हणजे तसं त्यांचं म्हणणं. गेल्या वर्षीच्या वसंतापासून सुरू झालं. सकाळी उठले की खुर्चीत बसून दहापर्यंत मोजायचे, बोटं मिटत. एकदा झालं की पुन्हा. जिना उतरताना पायऱ्या मोजायचे. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. अगदी सुबक काढलं. डॉक्टर म्हणाले, काही नाहीये यांना. पण यांचा विश्वास बसेल तर ना! म्हणायचे, मला दहावा दिसत नाही."

बोगदानने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मी म्हटलं, बाबा, बोगदानची नवी आवृत्ती आलीय, त्यावर करून बघा ना एकदा. तर म्हणाले, यादी वाचली मी, त्यात काही नाही, किरकोळ साफसफाई आहे फक्त. म्हणजे चूक माझीच."

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी खुर्ची सरकवली. बोगदानने ताटातल्या माशाचे काटे काढायला घेतले.

"मी परवा किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या," युस्तिना म्हणाली आणि हसण्याचा प्रयत्न केला. "लोण्याशेजारी. आता जानेवारीत तपासणी करून घेतेय, नऊ तारखेला. हे घराण्यात असतं म्हणतात. रात्ररात्र झोप येत नाही रे. तूच सांगू शकतोस म्हणून विचारते. त्या प्रोग्राममध्ये चूक यंत्राची होती की बाबांची?"

सांगायला एवढं सोपं वाक्य त्याला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हतं.

"तपासून सांगतो," तो म्हणाला.

"सांग हं. यंत्र तुझ्यासाठीच ठेवलंय त्यांनी. गाडीत आहे, जाताना घेऊन जा."

४

खोक्यात सरांची अटारी होती, कॅसेट लावायचं यंत्र होतं आणि चाचणीची कॅसेट. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्र्याचा नंबर होता. दहा.

बोगदानच्या घरातल्या बोळात खुंट्यांची एक जुनी फळी होती. केंद्र पाडलं तेव्हा त्याने ती भंगारातून उचलून आणली होती. सहा खुंट्या, सात ते बारा. तो आपला कोट सातवर लावायचा, बाकीच्या रिकाम्या. त्याने तो नंबर दहाव्या खुंटीला अडकवला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. ठेवायला दुसरी जागा सुचली नाही, एवढंच.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर त्याने सरांचा प्रोग्राम नव्या कंपायलरमधून काढून कॅसेटवर घेतला आणि सरांच्या यंत्राला लावला. चालणार हे त्याला माहीत होतं. तरी एकदा त्यांच्या यंत्रावर चालताना बघावं, मग युस्तिनाला फोन करावा, असं त्याने ठरवलं होतं. चार मिनिटं कॅसेट किरकिरत राहिली. मग सूर सुरू झाले. एक, दोन, तीन, पायरी पायरीने वर, बारापर्यंत.

मग उतरणं सुरू झालं. बारा. अकरा.

आणि शांतता.

बोगदान चहाचं पाणी ठेवायला उठला होता, तो दारातच थांबला. पडद्यावर अकराचा आकडा होता. मग दहा आला, त्याचा सूर वाजला आणि पुढचे सगळे भराभर उतरले, जणू मधे काही झालंच नव्हतं.

मधला थांबा फार मोठा नव्हता. एखाद्या माणसाला बाहीत हात घालायला लागेल एवढा.

५

प्रोग्राम थांबण्याला कारण असतं, हे बोगदान इतरांना वीस वर्षं सांगत आला होता. त्याने वही काढली.

स्वतःच्या अटारीवर तीच कॅसेट लावली: थांबा नाही. नव्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल चालवून पाहिली: थांबा नाही. सरांच्या यंत्रावर: तीन सेकंद. वीजपुरवठ्याचा डबा जुना झाला असेल म्हणून त्याने आपला लावला. पाच सेकंद. यंत्र उघडलं, स्मृतीच्या चिप काढून त्यांचे धातूचे पाय घासले, पुन्हा बसवल्या. पाच सेकंद. प्रोग्राम एकदा सुरू झाला की कॅसेटचा त्याच्याशी संबंध उरत नाही, तरी त्याने कॅसेटही बदलली. आठ.

मंगळवारी कामावरून आल्यावर त्याने फोरम उघडला. सरांच्या आठवणींचं एक पान सुरू झालं होतं. लेशेकने तिथेही तो जुना विनोद चिकटवला होता आणि खाली 'प्रेमाने' असं लिहिलं होतं. बोगदानने उत्तराच्या चौकटीत लिहिलं: 'झेनोन सर बरोबर होते. चूक कंपायलरमध्ये होती. मला गेल्या वर्षी मे महिन्यात सापडली आणि मी ती लपवली.'

तीन वाक्यं. ती पाठवण्याआधी त्याने सहज चाचणी चालवली. बारा, अकरा, दहा, नऊ. थांबा नव्हता. सूर एकामागून एक उतरले, आणि त्याला आपला श्वास मोकळा झाल्यासारखा वाटला.

मग त्याने ती वाक्यं पुन्हा वाचली. 'लपवली' हा शब्द त्याला जास्त वाटला. तो काढला. मग मे महिना काढला. मग उरलेल्या दोन वाक्यांवरून लोक बाकीचं ओळखतीलच असं वाटून त्याने चौकट रिकामी केली.

त्यानंतरच्या चाचणीत थांबा चाळीस सेकंदांचा होता.

योगायोग, त्याने वहीत लिहिलं, आणि खाली रेघ मारली. पण त्या चाळीस सेकंदांत त्याने बोळातून एक आवाज ऐकला होता. पत्रा लाकडाला लागतो तसा, बारीक, दोनदा. तो उठून बघायला गेला. दहाव्या खुंटीवरचा नंबर हलत होता. दाराखालून वारा येतो. आई तिथे चिंधी लावायची. त्याने एक जुना टॉवेल गुंडाळून फटीत दाबून बसवला.

बुधवारी पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. थांबा दोन मिनिटांचा झाला. टॉवेल जागच्या जागी होता. नंबर वाजला. नंतर जाड कापड भिंतीला घासल्याचा आवाज आला आणि ओल्या लोकरीचा वास, क्लबच्या बोळात हिवाळाभर असायचा तसा. तो खोलीतच बसून राहिला. आपला स्वतःचाच कोट ओला आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्या दिवशी पाऊस पडला नव्हता, बर्फही नाही.

दुसऱ्या कुणाला ही गोष्ट सांगता आली असती. लेशेक धावत आला असता, यंत्र उघडून बसला असता. पण 'सरांचा प्रोग्राम' म्हटल्यावर पहिला प्रश्न तोच आला असता, की मुळात तो आता चालतो कसा. यंत्र बंद करून खोक्यात घालणं त्याहून सोपं होतं. तेही त्याने केलं नाही. रोज कामावरून आला की तो चाचणी लावायचा, आणि सूर चढत असताना मनातल्या मनात म्हणायचा, आज पाठवतो.

६

पुढच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता युस्तिनाचा फोन आला. बोगदानने नुकतीच चाचणी लावली होती. बारा सूर चढून झाले होते. बारा उतरला. अकरा उतरला.

"कामात आहेस का?" तिने विचारलं.

"नाही, बोल."

"फार नाही वेळ घेत. झालं का रे तपासून? तुझ्या मागे लागल्यासारखं होतंय, कळतंय मला. पण काल मी औषधाच्या दुकानात उभी राहिले आणि काय घ्यायला आले तेच आठवेना. दुकानदार बाई म्हणाल्या, बसा हो, दमलायत तुम्ही. मी तिथेच रडले. लाज सोडली सगळी."

"दमलीच असशील. बाबांचं सगळं तूच केलंस."

"हो, ते आहेच. पण तू सांग ना. यंत्राची चूक होती असं म्हणालास तर मी तारीख रद्द करते बघ, आत्ताच्या आत्ता. बाबांचं डोकं ठीक होतं एवढं कळलं तरी मला पुरे. आणि नसेल ठीक, तर तसं सांग. मी काय लहान आहे का?"

दहाचा सूर अजून आला नव्हता. पडद्यावर अकराचा आकडा स्थिर होता. बोळात नंबर वाजला, एकदाच, कुणीतरी तो हाताने धरून थांबवल्यासारखा. मग कापडाचा आवाज. ओला, जड.

खोलीचं दार वीतभर उघडं होतं. बोगदान बसला होता तिथून फळीच्या शेवटच्या तीन खुंट्या दिसत. अकरा आणि बारा रिकाम्या होत्या. दहावर एक करडा कोट होता. खांद्यांवर वितळलेल्या बर्फाचे काळे डाग होते आणि खालच्या काठावरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. असे कोट आता कुणी शिवत नाही.

"बोगदान? ऐकतोयस ना?"

"हो."

"मग?"

तोंड उघडलं की शब्द येणार होते. जिभेवरच होते. 'सर बरोबर होते.' त्याने दारातून नजर काढली नाही. कोटाची या बाजूची बाही सरळ खाली लोंबत होती, आणि ती रिकामी असायला हवी होती. तिच्या टोकाशी म्हातारा हात होता, पेन्सिल धरून धरून मधल्या बोटावर घट्टा पडलेला. तो सावकाश मोजत होता. करंगळी मिटली. तिच्या शेजारचं बोट मिटलं. मधलं मिटलं. कसलीही घाई नव्हती. अंगठ्यापर्यंत आल्यावर तो थोडा घुटमळला, चूक झाली असावी अशा संकोचाने, आणि सगळी बोटं उघडून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

"अजून तपासतोय," बोगदान म्हणाला.

फोनच्या पलीकडे तिने हळूच श्वास सोडला. "बरं. तपास नीट. बाबा म्हणायचे, शेलागने एकदा बघितलं की मग शंका नको."

तिने फोन ठेवला. बोगदानने पाय लांब करून दार लोटलं. ते पूर्ण बंद होईपर्यंत त्याने डोळे मिटून घेतले होते.

संध्याकाळी त्याला कामासाठी बाहेर पडावं लागलं. बोळात फक्त त्याचाच कोट होता, सातवर. दहाव्या खुंटीखाली फरशी ओली होती. ती त्याने आईच्या फडक्याने पुसली आणि फडकं पिळून वाळत घातलं.

यंत्र अजून चालू आहे. पडद्यावर अकरा आहे. दहावा परत आलेला नाही. बदलांच्या यादीत मे महिन्यासमोर 'किरकोळ साफसफाई' एवढंच लिहिलेलं आहे. युस्तिनाची तपासणी नऊ जानेवारीला आहे, आणि बोगदानने तिला अजून फोन केलेला नाही.